शुद्ध केलेली ओळ

त्या वर्षांत आमच्याकडे पेरलेलं उगवेलच याची खात्री उरली नव्हती. खराब बियाण्यांच्या तक्रारी इतक्या यायच्या, की अमरावतीच्या आमच्या कचेरीत त्यांच्यासाठी एक वेब अ‍ॅप्लिकेशनच केलं होतं. ते लिहिणारा बाळापूरचा गडी नोकरी सोडून अकोल्याला गेला आणि डेटाबेसच्या कुठल्या रकान्यात काय भरलंय, हे सांगणारा एक कागदही मागे ठेवून गेला नाही. फोन केला तर म्हणाला, "सारं कोडातच लिहून ठेवलं ना भाऊ. वाच ना!"

सगळ्या तक्रारी आता पुण्याच्या नव्या प्रणालीत जाणार होत्या. तिथल्या मॅडमना डेटाबेसची माहितीपुस्तिका हवी होती, तीही आठ दिवसांत. हाताने उतरवून काढायचा मला भारी कंटाळा. म्हणून मी एक प्रोग्राम लिहिला. तो कोडच्या फायली वाचायचा, टेबलं आणि रकाने हुडकायचा, त्यांच्या शेजारी लिहिलेल्या टिपा उचलायचा आणि पुस्तिका छापून मोकळा व्हायचा. पहिल्याच खेपेला जमलं. मी स्वतःवर बेहद्द खूश झालो.

पण टिपा सगळ्या वऱ्हाडीत! 'अर्ज कोणाले द्याचा', 'नापास काहून केला'. मी चार वर्षं पुण्यात नोकरी करून परतलेला माणूस. तिथे माझ्या 'मले-तुले'ला लोक हसले होते आणि ते मी विसरलो नव्हतो. पुस्तिका त्याच लोकांच्या हातात पडणार होती. मग बसलो एकेक ओळ शुद्ध करत. तक्रारीच्या स्थितीपुढे प्रोग्रामने इमानदारीने छापलं होतं, 'तीन : पाहणी करून राहिले'. मी केलं, 'पाहणी करायची राहिली'. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

घरी आई रोज म्हणायची, "थांब जरा, सैपाक करून राहिली." तेव्हा सैपाक करायचा राहिलाय, असं मला कधी वाटलं नाही. तो चुलीवर चालू असायचा. पण कागदावर तेच शब्द मी पुण्याच्या डोळ्यांनी वाचले.

पुण्यात पुस्तिकेचं कौतुक झालं. मग तिच्याच आधारे मॅडमनी ठरवलं, की ज्यांची पाहणीच झालेली नाही अशा तक्रारी नव्या प्रणालीत न नेता बंद करायच्या. स्थिती तीनमधल्या झाडून सगळ्या बंद झाल्या. तसं कळवणारी पत्रंही गावोगाव गेली.

पंधरा दिवसांनी धामणगाव रेल्वेकडच्या खेड्यातली एक बाई असं पत्र घेऊन माझ्या टेबलापाशी उभी राहिली. तिचं सोयाबीन उगवलंच नव्हतं. नियमाप्रमाणे तिघा अधिकाऱ्यांनी ते पाहायचं होतं आणि तिघांचं पाहून होईपर्यंत वावराला हात लावायचा नव्हता.

"दोघं येऊन गेले," ती म्हणाली. "पाहणी तं करून राहिले होते, मंग बंद काहून केली?"

ते तीन शब्द मी तिच्या तोंडून ऐकले. कागदावर जे समजलं नाही, ते कानांना लगेच समजलं.

"मशीनची चूक झाली मावशी," मी म्हणालो. "आजच तक्रार परत उघडतो. तिसरे साहेब येतील पाहायला."

"आता काय पाहतीन ते? तुमचं पत्र आलं अन् म्या वावर मोडलं. तूर पेरली." ती चिडली नव्हती, त्याचीच मला जास्त लाज वाटली. पत्राची घडी घालत ती म्हणाली, "जाऊ द्या. मशीनले आपली बोली कशी समजन? तुमी तं इकडलेच दिसता."

"हो, अमरावतीचाच," मी म्हणालो. मशीनने बरोबरच छापलं होतं, हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही.