चंपाषष्ठीचं घरचं वांगं

मंदाबाईंच्या घरात आषाढात सोडलेलं वांगं थेट चंपाषष्ठीला, खंडेरायाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवूनच तोंडात जातं. तेही घरच्या मातीतलं हवं, हा त्यांच्या भाऊबंदांचा जुना रिवाज. पण दोंडाईच्याजवळचं शेत रस्त्याच्या चौपदरीकरणात गेलं, मंदाबाई आणि त्यांचे यजमान गिरधरनाना धुळ्याला कॉलनीत राहायला आले, आणि नैवेद्याला बाजारचं वांगं येऊ लागलं. गेल्या साली देवापुढे ठेवायचं वांगं भाजून फोडलं, तर आत अळी. सगळ्या भाऊबंदांसमोर मंदाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यंदाचं वांगं आपल्याच अंगणातलं, असं त्यांनी त्याच दिवशी ठरवलं. अंगण तरी केवढं? नानांची मोटारसायकल उभी केली की मांजरालाही अंग चोरून जावं लागतं. तिथे त्यांनी भिंतीलगत फुटक्या बादल्या मांडल्या आणि बोदवडच्या माहेराहून भरताच्या वांग्याचं बी आणून लावलं. धाकटे दीर रूपचंद भेटायला आले ते हसलेच.

"वहिनी, बादलीमा भरीत पिकस का कोठे?"

मंदाबाईंनी बादलीतली माती हातानं सारखी केली. तोंड चालवण्यापेक्षा हात चालवायचा, हा त्यांचा स्वभाव.

नळाला पाणी आठवड्यातून एकदा, म्हणून त्या भांड्यांचं पाणी रोपांना घालायच्या. पहिली रोपं भांडी घासायच्या पावडरीच्या फेसानं करपली. मग त्यांनी पावडर बंद केली आणि शेजारच्या नासीरभाईंच्या बेकरीतल्या भट्टीची राख भांड्यांना लावली. सून कामिनीनं नाक मुरडलं. दुसरी रोपं मात्र अशी तरारली की तिचं नाक आपोआप सरळ झालं.

दसऱ्याला तीन वांगी हाताशी आली, चांगली नारळाएवढी. मंदाबाईंनी घरात ताकीद दिली, देवाच्या आधी कुणी हात लावायचा नाही. त्यांनी ती झाडावरच राखली. पंधरा दिवसांत वांग्यांची तुकतुकी उतरली, देठाशी पिवळी झाक आली, आणि झाडांवर नवं फूल म्हणून दिसेना. चंपाषष्ठीला अजून दीड महिना होता. तोवर ही तिन्ही वांगी बियांनी भरणार आणि दुसरी येणार नाहीत, हे मंदाबाईंना कळून चुकलं.

नासीरभाईंच्या घरच्या नसीमबी राख घेऊन आल्या होत्या. त्यांनी झाड निरखलं.

"अक्का, वांगं झाडवरच पिकू दिधं, ते झाड नवं फूल काबरं धरी? त्याले वाटस, आपलं काम झायं."

"पन खुडीसन खाई कोन? आमना घरमा निवेद व्हयेल नही," मंदाबाई म्हणाल्या. मग त्यांनी नसीमबींकडे जरा रोखून पाहिलं. "तुमना घरमा चातुर्मास नही ना?"

नसीमबींनी हसत ओढणी पसरली. मंदाबाईंनी तिन्ही वांगी आपल्या हातानं खुडून तिच्यात घातली.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात झाडं जांभळ्या फुलांनी भरली. उरलेली राख पानांवर भुरभुरली, किडीनं तोंड फिरवलं.

चंपाषष्ठीला सकाळी मंदाबाईंनी नऊ वांगी उतरवली. तुराट्यांच्या जाळावर भाजून एकेक फोडलं. आत लोण्यासारखा गर, अळी औषधालाही नाही. रूपचंद आले ते हातात बाजारातल्या वांग्यांची पिशवी घेऊन, वेळेला असावीत म्हणून. ती दाराशी तशीच बांधलेली राहिली. नैवेद्य झाला, पंगत बसली. रूपचंदांनी तीनदा भरीत मागून घेतलं आणि चौथ्यांदा ताट पुढे करताना सगळ्यांदेखत जमिनीकडे बोट करून म्हणाले,

"पुढला सालबी निवेद आठेच. बठ्ठा भाऊबंद येतीन."

मंदाबाईंना इतका आनंद झाला की वाढताना त्यांचा हात जरा जास्तच सैल सुटला.

"या ना भाऊ, बठ्ठा या," त्या म्हणाल्या. "पन येतांना वांगा आनू नका."