तिसऱ्या नावाची सही

सुतळी मी दिली. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढं मला लपता येणार नाही.

मुलाखत शिक्षिकेच्या जागेची होती. टेबलापलीकडं आमच्या संस्थेचे अध्यक्ष आणि दोन सदस्य. अलीकडं ती उभी. बस म्हणून कुणी सांगितलं नाही. एम.ए., बी.एड. झालेली पोरगी. मी दाराशी, हजेरीचा कागद घेऊन. मी इथला हेडक्लार्क.

"अनुभव काय गं?" अध्यक्षांनी विचारलं.

"दोन वर्षं बदलीवर शिकवलं, साहेब. एरवी आईबापासंगं ऊसतोड."

"मग मोळी बांधून दाखव की."

सदस्य हसले. एक म्हणाला, "इथं ऊस कुठं हाय, दादा?"

"कागदं हायत ना तिची. त्याचीच बांध. ए, सुतळी दे रे तिला."

मी कपाटातून सुतळी काढली. हातभर तोडून दिली.

तिनं दहावीपासूनची सगळी प्रमाणपत्रं एकावर एक ठेवली. गुडघा टेकवला. आवळून गाठ मारली.

"आता घे डोक्यावर."

तिनं घेतली. खोलीभर हशा. ती हसली नाही. माझ्याकडं बघत राहिली.

कारण मीच तिला बोलावलं होतं.

आमच्याकडं मुलाखतीला कागदावर तीन नावं लागतात. पहिलं ठरलेलं असतं. यावेळी अध्यक्षांची भाचेसून. दुसरं तिच्याच मामेबहिणीचं. तिसरं बाहेरचं हवं, म्हणजे कागद खरा दिसतो. ते शोधणं माझं काम. शिकलेलं बघायचं, गरजू बघायचं, पाठीशी कुणी नसलेलं बघायचं. या पोरीला मी आधी तीनदा बोलावलं होतं. तिचा बाप आणि माझा बाप एकाच टोळीत ऊस तोडायचे. मला ती काका म्हणते.

चौथ्यांदा फोन केला तेव्हा ती कोल्हापूरकडं उसाच्या फडात होती.

"काका, या बारीला तरी खरं हाय का? आई आजारी हाय. मी आले तर तिला एकटीला मोळ्या वहाव्या लागत्याल."

"ये," म्हटलं. "तुझं नाव वर आहे."

नव्हतं. इथं आष्टीच्या स्टँडवर उतरून ती थेट मुलाखतीला आली. बोटांवर उसाच्या पाचटानं चिरल्याच्या ताज्या रेघा.

आता माझं. याच खोलीत, अठ्ठावीस वर्षांपूर्वी, तिसरं नाव मी होतो. खुर्चीत तेव्हा आत्ताच्या अध्यक्षांचे वडील. मी बी.ए., पहिल्या वर्गात. विषयातला एक प्रश्न नाही. "गाडीचे बैल अडले की काय वरडतूस? वरडून दाखव." मी ओरडलो. हात उगारून, शेपटी पिरगळल्यासारखं करून. ते हसले. मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं मीच.

"पोरगं कामाचं हाय," म्हातारे म्हणाले. "मास्तर नको. क्लार्क करा."

घरी सांगितलं, हुशारीवर लागलो. बाप गावभर सांगत फिरला. मेला तरी त्याला खरं कळलं नाही.

गेल्या महिन्यात संस्थाचालकांच्या बैठकीत अध्यक्षांचं भाषण झालं. विषय, नोकरभरती करताना होणाऱ्या चुका. टाइप मीच केलं. 'उमेदवाराचा मान राखा' असं त्यात एक वाक्य होतं. आमच्याकडं चुका होत नाहीत. अपमान गिळून हसणारा कोण, हे यांना दहा मिनिटांत कळतं. माझी निवड अगदी बरोबर होती.

ती बाहेर आली. मी हजेरीचा कागद पुढं केला.

"काका, तुमाला ठाव होतं?"

मी पेन पुढं केलं.

"व्हय का न्हाई, येवढंच सांगा."

"होतं."

"चारी बारी?"

"चारी."

तिनं गाठ सोडली. सुतळी बोटांवर गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवली. "ही तुमची." सही न करता गेली. मी मागं गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

अध्यक्षांनी कागद बघितला. "हिची सही कावून न्हाई?"

"गेली ती."

"मग तू मार की. आज नवीन लागलास का बे?"

खरंच होतं त्यांचं. आधी मारल्यात मी.

"न्हाई मारणार."

ते हसले. मग थांबले, मी हसायची वाट बघत. अठ्ठावीस वर्षांची सवय. मी हसलो नाही.

"पेन्शनला किती राहिलं तुझं?" आवाज अगदी मऊ.

"चार वर्षं."

"घरी जाऊन बायकोला इचार एकदा."

विचारलं नाही. तिथंच टेबलावर लिहायला बसलो. कुणाला फोन केले, काय खोटं बोललो, कुणाकुणाच्या सह्या मारल्या, पहिलं नाव दर वेळी कुणी दिलं. सगळं.

जागा भाचेसुनेलाच मिळेल बहुतेक. सही दुसरा कुणी मारेल. त्या पोरीला फोन केला, तिनं उचलला नाही. बरोबर केलं. साक्षीलाही तिला ओढणार नाही. पाचव्यांदा तिला मी कुठंच बोलावणार नाही.

भरतीत यांची एकच चूक झाली, मला घेतलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, याच खोलीत. उद्या दहा वाजता बीडला जाऊन हा कागद शिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवतो. सोबत सुतळी. कागदाखाली सही आहे. माझी.