चाचा समोर असताना दिलेला मार्क

अब्बासचाचा दोन वर्षं उशिरा घरी गेले, ते माझ्यामुळे.

आज ते वारले त्याला वर्ष झालं. बरेच दिवस मनात होतं, आज लिहून टाकते.

नवीन मित्रमंडळींसाठी सांगते. मी अबुधाबीपासून तासाभरावरच्या एका फार्मवर जनावरांची डॉक्टर आहे. मांसासाठी वाढवायची गुरं. (सांगलीला आईला अजून ती डेअरी वाटते. वाटू दे.)

चाचा म्हसळ्याचे. पंचवीस वर्षं इथे, सगळी गुरांमध्ये. बाकी सगळे मला डॉक्टर म्हणायचे, ते पहिल्या दिवसापासून "बाय".

वळू निवडताना आम्ही नुसतं वजन बघत नाही, स्वभावही बघतो. बापाचा स्वभाव वासरांत उतरतो. आणि बिथरणारं जनावर माणसांना इजा करतं, स्वतःही अंगाने नीट भरत नाही.

म्हणून त्याला लोखंडी खोड्यात घ्यायचं. किती धडपडतं ते बघायचं. दार उघडल्यावर चालत जातं की उधळतं, ते बघायचं.

एक ते पाच मार्क. एक म्हणजे गरीब. पाच म्हणजे त्याच्या वाटेलाच जाऊ नका.

चाचांचा यात एक नियम होता. मार्किंगच्या दिवशी ते खोड्याजवळ थांबायचे नाहीत. चाऱ्याच्या गोडाऊनमागे पिकअपमध्ये एसी लावून बसायचे.

"मी उभा असलो की सगळीच गरीब होतात, बाय. माझ्यासमोर बघून तुम्हाला काय कळणार?"

खरंच होतं ते. "हो रे बाबा, हो हो" करत मानेवरून हात फिरवला की सहाशे किलोचं धूड मुकाट्याने उभं राहायचं.

तीन वर्षांपूर्वीचं मार्किंग. ऑगस्ट महिना. वजनकाटा सकाळीच बंद पडला, तो दुरुस्त होईपर्यंत दुपार झाली. मागून मॅनेजरचं घाईचं यल्ला यल्ला चाललेलं.

आणि ४१७ नंबर खोड्यात शिरेना.

कपाळावर भोवरा अगदी उंच, डोळ्यांच्याही वर. असं जनावर बुजरं निघतं, हे मला चाचांनीच शिकवलेलं. पण वजनाला हाच सगळ्यांत भारी.

मी वैतागून चाचांना फोन केला. "या ना जरा, एवढा एक आत घाला."

आले. घातला. हात मानेवर तसाच ठेवला. ४१७ गपगुमान उभा.

मी लिहिलं, एक.

"बाय, हा मार्क माझा आहे, त्याचा नाही. उद्या परत बघा, मी नसताना."

"चाचा, उद्या टाइम नाही हो. लिस्ट आजच जायचीय."

लिस्ट गेली. खाली सही माझी.

त्या डिसेंबरात चाचा कायमचे घरी जाणार होते. म्हसळ्याला घर बांधून झालेलं. ओटीवर कुठल्या लाद्या बसवायच्या, याचे फोटो मला फोनवर दाखवायचे. "तुमची चाची विचारते, बायला कुठल्या आवडल्या?"

मी हिरव्या सांगितल्या होत्या.

नोव्हेंबरात, चाचांच्या सुट्टीच्या दिवशी, ४१७ ने आमच्या एका माणसाला कठड्यावर दाबलं. दोन बरगड्या मोडल्या.

चाचा मॅनेजरकडे गेले. याला कळपातून काढा म्हणाले.

मॅनेजरने माझा कागद त्यांच्यासमोर धरला. "डॉक्टरने एक दिया है. तुमको डॉक्टर से ज्यादा पता है?"

हा मार्क कसा पडला, हे चाचा तिथे सांगू शकले असते. नाही सांगितलं.

बाहेर येऊन मला म्हणाले, "तुमचं नाव खराब होईल, बाय. मी थांबतो. तो वळू मला ओळखतो. मी गेलो तर कुणाचा तरी जीव जाईल."

तिकीट कॅन्सल.

मी त्याच मिनिटाला आत जाऊन चूक कबूल करायला हवी होती. मुलाची अॅडमिशन नुकती झालेली, घरातल्या सगळ्यांचे व्हिसा माझ्या नोकरीवर. कारणं भरपूर होती. मी घाबरले, हेच खरं.

पुढच्या डिसेंबरातही ते थांबले. दुसऱ्या कुणाला तो जवळ येऊ देईना. आणि वासरं वजनदार पडत होती, त्यामुळे मॅनेजर खूश.

शेवटी गुडघ्यांनी हात टेकले तेव्हा कुठे चाचा गेले.

घरी पोचल्यावर त्यांचा पहिला फोन.

"तो काढला का, बाय?"

"काढला, चाचा."

"अल्हमदुलिल्ला."

साफ खोटं बोलले मी.

हिरव्या लाद्यांच्या ओटीवर चाचा पाच आठवडे बसले. मग हार्ट अॅटॅक.

त्यानंतरही वर्षभर मी गप्पच होते. याची लाज वाटते.

या आठवड्यात ४१७ च्या मुली मार्किंगला आल्या. अठरा कालवडी. पहिलीच अशी उधळली की फाटक धरणारा माणूस थोडक्यात वाचला. मी पाच, चार, पाच, पाच लिहीत गेले आणि हात थांबला.

काल केबिनमध्ये गेले. "सर, ४१७ का मार्क गलत है. चाचा पकड के खडे थे, तब मैंने दिया था."

"तीन साल बाद बता रही हो, डॉक्टर?"

"हां, सर."

मेमो येणार आहे. येऊ दे. दमले मी हे सांभाळून.

आज सकाळी त्याला परत खोड्यात घेतलं. मानेवर कुणाचा हात नव्हता. त्याने अख्खा खोडा हलवला. दार उघडल्यावर जो सुटला, तो पलीकडच्या कुंपणावरच आदळला.

दुपारी ट्रक आला आणि त्याला घेऊन गेला.

मुसफ्फाला घरी आले तर डोळे बघून मुलगा म्हणाला, "आई, इट्स जस्ट अ बुल."

मी फोन घेऊन हे लिहायला बसले.

चाचा, आज तुम्ही खोड्याजवळ नव्हतात. तुमच्या नियमाने मार्क दिलाय. पाच.

आता खरंच काढला.

मला माफ करा. आणि निवांत झोपा, चाचा.