नाकमावशीचा गुडघा

नाकमावशी कुणाच्याही घरी गेली की आधी वास घ्यायची, मग बसायची. दारातच दोनदा श्वास ओढून म्हणायची, "तुरीच्या डाळीले एरंडीचं तेल लावलं नाही वाटते अजून." बहुतेक वेळा ते खरं निघायचं, म्हणून जास्त राग यायचा.

तिचा आभाळावरही विश्वास नव्हता. लग्न होऊन मी शेगावहून मोताळ्याकडच्या या गावात आले, तेव्हा ती आमची शेजारीण झाली. पहिल्याच उन्हाळ्यात कडक ऊन पाहून मी गच्चीवर पापड घातले. मावशी खालून म्हणाली, "उचल ते. मुंग्या अंडे घेऊन भिताडावर चढून राह्यल्या." मी उचलले नाहीत. चार वाजता भिजलेले पापड गोळा करत होते, तेव्हा ती अंगणात उभी राहून नुसती बघत होती. ती काही बोलली असती तर परवडलं असतं.

आमच्या गल्लीत एक रीत आहे. कुरडयांसाठी तीन दिवस गहू भिजवून चीक काढला की शिजवण्याआधी तो वाटीभर मावशीकडे न्यायचा. माझी पहिली वाटी हुंगून ती म्हणाली, "काल पानी बदललं नाही तुनं. खोटं नको बोलू." मी सासूबाईंना खोटंच सांगितलं होतं. सगळा चीक ओतून द्यावा लागला आणि पुढे कितीतरी दिवस मी तिच्याशी तोंडदेखलंच बोलत होते.

मावशीला मूलबाळ नव्हतं, नवरा कधीच गेलेला. उन्हाळाभर तिच्या ओट्यावर माणसं दिसत, ती या वाट्यांमुळे.

तीन वर्षांमागे हिवाळ्यात तिला मोठा ताप येऊन गेला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात प्रत्येक वाटी "चोख हाय" म्हणून परत येऊ लागली. बाया म्हणाल्या, मावशी नरमली. मला मात्र ते काही खरं वाटेना. संशय घ्यायला मी तिच्याकडूनच शिकले होते. एका दुपारी मी मुद्दाम नासलेला चीक नेला. तिने हुंगला. "चोख हाय," म्हणाली आणि मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"मले पारखून राह्यली का वं?"

"मावशी, तुमाले वास येत नाही ना?"

तिने वाटी खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाली, "कोनाले सांगू नको. नाही तं वाट्या कोन आनन?"

मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या शेजारी जाऊन बसू लागले. वाटी आली की आधी माझ्या नाकाखालून जायची. चांगली असली तर मी तिचा गुडघा एकदा दाबायचे, बिघडलेली असली तर दोनदा. पुढचं बोलणं ती जुन्याच तोऱ्यात करायची.

"तुह्यावर महा कधी भरोसा नव्हता," एकदा ती म्हणाली.

"अन आता?"

"आता काय करू? नाक तुह्याजवळ हाय."

गेल्या पावसाळ्यात मावशी गेली. यंदा वाट्या माझ्याकडे येतात. मी हुंगते, आणि काही बोलायच्या आधी माझा हात शेजारी जातो, गुडघा शोधत.