द्वारकाबाईंच्या डोळ्यांची नाइट ड्यूटी

सकाळी ड्यूटी सुटताना मॅट्रन शांता मॅडम "घरी जाण्याआधी भेटून जा" एवढंच म्हणाल्या आणि विनीतानं खांद्याला लावलेली पर्स परत खाली ठेवली. तुकोगंजातल्या त्या हॉस्पिटलात शांता मॅडम गोड बोलून बोलावतात तेव्हाच जास्त घाबरायचं असतं, कुठल्याही नर्सला विचारा! त्यातून आठवडाभर कुजबुज चालू होती की नाइट आता नव्या पोरींना देणार.

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, सुटले बाई एकदाची! रात्रभर सलाईनच्या बाटल्या बघायच्या आणि सकाळी घरी येऊन पोळ्या लाटायच्या, हा काय जन्म झाला? पण विनीताचं सगळं गाडं नाइटच्या जादा पैशांवर चाललं होतं. तिचा पगार आणि कपडा मार्केटात नोकरी करणाऱ्या नंदूचा, म्हणजे नवऱ्याचा पगार, घरभाडं आणि किराण्यात उडून जायचा. नाइटचा भत्ता मात्र सगळाच्या सगळा सासूबाईंच्या डोळ्यांत जायचा. अहो, खरोखरच डोळ्यांत! द्वारकाबाईंच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब झाले होते आणि दर महिन्याला डोळ्यांत इंजेक्शनं घ्यावी लागत. ती चुकली तर नजर गेलीच समजा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आणि म्हातारी म्हणजे होळकरांच्या अंमलदाराची नात! "सुनेची कमाई मी डोळ्यांत घालू? हरगिज नाही," म्हणून अडून बसली. तेव्हा विनीतानं थाप ठोकून दिली, "आई, स्टाफच्या घरच्यांचं बिल हॉस्पिटलच भरतं." नंदूलाही दम देऊन गप्प बसवलं. त्यानंतर द्वारकाबाई निमूटपणे रिक्षात बसू लागल्या.

आता ती नाइटच गेली तर? पुढचं इंजेक्शन तर येत्या शुक्रवारी होतं. हाच हिशेब करत विनीता मॅट्रनच्या खोलीत शिरली.

"विनीताजी, बसा ना. सोमवारपासून तुम्ही डे ड्यूटीला."

"मॅडम, माझं काही चुकलं का? नव्या मुली कमी पैशांत तयार झाल्या का?"

"अरे नाही हो! काल दुपारी तुम्ही घरी झोपला असाल तेव्हा तुमच्या सासूबाई इथे आल्या होत्या. एकदम एकट्या, चकल्यांचा डबा घेऊन. माझा हातच धरला, म्हणाल्या, माझ्या सुनेची नाइट बंद करा. वरून बिल भरल्याबद्दल थँक्यू पण म्हणाल्या. कुठलं बिल, मला तर काही समजलंच नाही. मी आपली मान हलवली."

"मॅडम, कॅन्सल करा ना. मला नाइटच पाहिजे."

"संध्याकाळपर्यंत फोन करा. पण घरी समजवा आधी, नाहीतर त्या परत येतील."

बसमध्ये विनीता तेच तेच घोळवत बसली. नाइट सोडावी तर म्हातारी आंधळी होणार. नाइट धरावी तर खरं सांगावं लागणार, आणि खरं कळलं की ती इंजेक्शनच बंद करणार, एवढी हट्टी बाई! स्वतःचाच राग येऊन तिला रडू कोसळायचंच बाकी होतं.

द्वारकाबाई दारातच उभ्या होत्या, चेहरा नुसता फुललेला. "सांगितलं का मॅडमनी?"

"आई, तुम्ही एकट्या गेलातच कशा?"

"बसचा नंबर वाचला मी! स्वतः!" मग त्यांचा आवाज उतरला. "अगं, इतके दिवस तू मला नुसती धुरकट दिसायचीस. परवा पोळी वाढताना तुझं तोंड नीट दिसलं. डोळे खोल गेलेत, गालफडं बसलीत. नजर आली आणि पहिलं हेच बघितलं मी. मग कशी गप बसू?"

"त्या नाइटच्या पैशांतूनच तर तुमची इंजेक्शनं होतात!" विनीता ओरडलीच. मग काही राखून ठेवण्यात अर्थच उरला नाही. थाप, भत्ता, नंदूला दिलेला दम, सगळं भडाभडा सांगून टाकलं.

द्वारकाबाई खुर्चीत बसल्या. आता अंमलदाराच्या नातीचा पारा चढणार म्हणून विनीता जीव मुठीत धरून उभी राहिली. पण त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

"दोन्ही डोळ्यांना वेगवेगळं इंजेक्शन लागतं ना गं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग लाव मॅडमना फोन. म्हणावं, अर्ध्याच नाइट द्या."

"आणि तुमचं काय?"

"एकच डोळा करू."

"आई, असं काय करता? दुसरा पार जाईल!"

द्वारकाबाईंनी तळहातानं डावा डोळा झाकला. विनीताकडे निरखून पाहिलं. मग उजवा झाकून पाहिलं. मग पुन्हा डावा झाकला.

"उजवा ठेवू," त्या म्हणाल्या. "ह्यातनं तू जास्त चांगली दिसतेस."