सोवळ्यातले बिबडे

तिनं तोंडातला घास रुमालात काढला. माझ्यासमोर. मग तो रुमाल तसाच टेबलाखाली टाकून दिला.

जळगावला महिला मंडळाचं प्रदर्शन होतं, घरगुती पदार्थांचं. मी चाळीसगावहून सकाळच्या गाडीनं दोन डबे बिबडे घेऊन गेले होते. ज्वारीचा घाटा तीळ-लसूण घालून शिजवायचा, गरम असतानाच ओल्या कापडावर थापायचा आणि खाटेवर वाळवायचा, की झाले बिबडे. आमच्या खान्देशात घरोघरी होतात. चाखायला म्हणून मी भाजलेले तुकडे ताटलीत मांडले होते. त्या बाईंनी एक खाल्ला, लगेच दुसरा तोंडात टाकला. "काय सुरेख झालेत हो! कुठल्या तुम्ही? आडनाव काय?"

मी आडनाव सांगितलं. बस, एवढंच.

"आधी सांगायचं ना, बाई," त्या म्हणाल्या.

आणि मी काय म्हणाले? "चुकलं, ताई." कॉलेजचं एक वर्ष केलेली मी. बाबासाहेबांच्या जयंतीला माईकवर भाषण ठोकणारी मी. माझ्या तोंडून निघालं ते हे. थोड्या वेळानं मंडळाच्या अध्यक्षीणबाई आल्या. आवाज अगदी गोड. "तुम्ही खायचं नका ठेवू. पुढच्या वेळी टोपल्या, गोधड्या असं काहीतरी आणा. तुमचं ते खपेल." मी डबे झाकले आणि दुपारच्या गाडीला बसले. भरलेले डबे मांडीवर.

नवरा रेल्वेत खलाशी होता, आम्हाला स्टेशनजवळ क्वार्टर मिळालेलं. त्याला सगळं सांगितलं तर तो खूप चिडला. म्हणाला, "मरू दे तिकडं, विकूच नको." पण मला विकायचंच होतं. माझ्या आईच्या हातासारखा बिबडा अख्ख्या तालुक्यात होत नव्हता, हे मला ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर मला स्वतःचं काहीतरी हवं होतं. खलाशाची बायको एवढीच ओळख घेऊन मरायचं नव्हतं.

एका साप्ताहिकात मागच्या पानावर छोट्या जाहिराती यायच्या. कुणी भरतकामाचे नमुने, कुणी केसांचं तेल. व्हीपीनं मागवा. म्हणजे गिऱ्हाइकानं कार्ड टाकायचं, आपण पार्सल पाठवायचं, पोस्टमननं पैसे घेऊन ते हातात द्यायचं. विकणारा दिसत नाही. मी पोस्टात जाऊन सगळं विचारून आले आणि रस्ताभर मनाशी हसत होते. पार्सलाला थोडीच कुणी आडनाव विचारतंय?

माझी नात आता मोबाईलवर कुर्ते विकते. परवा म्हणाली, "आजी, मस्त असतं गं, कस्टमर आपल्याला बघतच नाही." तिला हे अजून सांगितलेलं नाही.

तर मी दुकानाचं नाव ठेवलं शारदा गृहउद्योग. शारदा म्हणून आमच्या घरात कुणी नव्हतं. इथपर्यंत ठीक होतं म्हणा. नाव काय, कुणीही काहीही ठेवतं. पण पुडक्यात घालायची चिठ्ठी छापायची वेळ आली तेव्हा मी त्यात एक ओळ घातली. छापखान्यातल्या माणसानं सुचवली नाही, नवऱ्यानं नाही. मीच लिहिली, माझ्या अक्षरात.

"स्वच्छ, घरगुती, सोवळ्यात केलेले."

नवऱ्यानं वाचली. "हे काय?" म्हणाला. मी म्हणाले, "धंद्यात चालतं असं." तो चिठ्ठी ठेवून ड्युटीवर गेला. आईला वाचता येत नव्हतं.

आई उन्हाळाभर गावाहून माझ्याकडे येऊन राहायची. पहाटे घाटा शिजवायची आणि ऊन चढायच्या आत चार खाटा भरून थापायची. तळवे लाल व्हायचे तिचे. प्रत्येक बिबड्यावर तिची बोटं उमटायची. पत्रं यायला लागली. पुण्याहून, नाशकाहून, कुठून कुठून. 'शारदाबाई, तुमच्या हाताला चव आहे.' मी ती पत्रं आईला वाचून दाखवायची. शारदाबाईच्या जागी तिचं नाव घालायची, आणि सोवळ्याबद्दल काही लिहिलेलं असलं की ती ओळ गाळायची. आई हसायची. तिचं कौतुक शहरातल्या लोकांनी करावं, याचं तिला केवढं अप्रूप!

तिसऱ्या उन्हाळ्यात धुळ्याच्या एका बाईंचं कार्ड आलं. मुलीचं लग्न होतं. रुखवताला बिबडे हवे होते, शिवाय पाहुण्यांना वाटायला. एवढी मोठी मागणी कधीच आली नव्हती. कार्डात खाली लिहिलं होतं, 'रविवारी चाळीसगावला येत आहे. एकदा डोळ्यांनी बघून घेते.'

नाही म्हणून कळवता आलं असतं. खरं कळवता आलं असतं. मी काय केलं ते सांगते. शनिवारी भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर काढली, लुगड्यात गुंडाळली आणि ट्रंकेत घातली. आईनं विचारलं तर म्हणाले, "पुसायला काढली." पुसायला काढलेली तसबीर ट्रंकेत कशाला जाईल? आईला एवढं कळत नव्हतं असं नाही.

बाई आल्या त्या मोटारीनं. वयस्कर, बोलायला मोकळ्या. मागच्या अंगणात आई थापत बसली होती. बाई खाटेशी उभ्या राहून बघत राहिल्या. मग मला विचारलं, "ही कोण?"

एका शब्दाचं उत्तर होतं. जन्मल्यापासून येत होतं मला.

"कामाला आहे," मी म्हणाले.

"कुणाची?"

"कुणब्याची."

"आंघोळ करून बसते ना?"

"हो तर. मी बघते ना सगळं. ती नुसती थापते."

आई दोन हातांच्या अंतरावर होती. तिला सगळं ऐकू जात होतं. तिचा हात एकदा थांबला आणि पुन्हा चालू झाला. बाईंनी जाताना पिशवीतून उरलेल्या, फडक्यात बांधलेल्या दशम्या काढल्या आणि आईच्या ओंजळीत वरून सोडल्या. "घे गं, पोरांना ने." आईनं घेतल्या. मान खाली घालून घेतल्या, घरची मालकीण समोर असताना कामवालीनं घ्याव्या तशा. माझी अब्रू राखली तिनं. मी बाईंना मोटारीपर्यंत सोडायला गेले आणि मागणी पक्की करून आले.

परत आले तर खाट भरलेली होती. एकही बिबडा तिनं कमी थापला नव्हता. ट्रंक उघडी होती आणि तसबीर भिंतीवर. आई पिशवी भरत होती.

"बठ्ठं काम व्हयनं," ती म्हणाली. "आते मी गावले जास."

"आई, अगं धंद्यासाठी बोलले मी. ऐक तर!"

"माले बठ्ठं कयस." सगळं कळत होतंच तिला. पिशवीला गाठ मारत ती म्हणाली, "पन तुन्ही जीभ कशी वळनी व माय?"

तिनं मला शिकवायला दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचला होता. ही जीभ तिनंच दिलेली. दशम्या तिनं ओट्यावर ठेवल्या होत्या, तशाच बांधलेल्या. ती स्टेशनकडे चालत गेली आणि मी दारात उभी राहिले. मागे धावलेसुद्धा नाही. शेजारचे बघतील म्हणून.

जळगावच्या त्या बाईला मी किती वर्षं शिव्या घातल्या होत्या! पण ती माझी कुणी नव्हती. तिनं परक्या बाईचा घास थुंकला. मी माझ्या आईला, तिच्या तोंडावर, तिचीच जात बदलून परकी केलं. ते पाप त्या बाईचं नाही. माझं आहे. सोवळं मला कुणी नेसवलं नव्हतं, मीच नेसले होते.

आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. नवरा एकच वाक्य बोलला, "तिला आणायला जा." गेले. आई चुलीपुढे होती. मला पाणी दिलं आणि म्हणाली, "बिबडा थापाले दुसरी बाई देख."

मी तिथंच बसून धुळ्याला कार्ड लिहिलं, आणि लिहिता लिहिता तिला वाचून दाखवलं. 'शारदा नावाची कुणी नाही. तुम्ही पाहिलीत ती कामवाली नाही, माझी आई आहे. आम्ही बौद्ध आहोत. आमच्या घरात सोवळं नाही, स्वच्छता आहे. बिबडे हवे असतील तर कळवा.' खाली माझं खरं नाव, आडनावासकट.

आईनं पूर्ण ऐकलं. "टाक टपालमा," म्हणाली आणि भाकरी उलटली.

धुळ्याहून उत्तर आलं नाही. घरी येऊन मी उरलेल्या चिठ्ठ्या जाळल्या, नव्या छापल्या. सगळ्यात वर आईचं नाव, आडनावासकट, खाली माझं. जुन्या गिऱ्हाइकांनाही तसंच पाठवलं. पार्सलं परत यायला लागली. कधी कधी एका दिवशी तीन-तीन. वर तांबड्या पेन्सिलीनं लिहिलेलं, 'घेण्यास नकार.' कुणी चार ओळींचं पत्रही घातलं, आमचा धर्म बाटवलात म्हणून. मोजकी गिऱ्हाइकं राहिली.

आई नंतर माझ्याकडे यायची, माझ्या मुलीला भेटायची. पण खाटेजवळ पुन्हा कधी बसली नाही. ती वारेपर्यंत मी एकटीनं थापले. तिनं मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. हिंमतच झाली नाही. आज विचारावंसं वाटतं, तर कुणाला विचारू?

एकदा पोस्टमन भाऊ परत आलेली पार्सलं उंबऱ्यावर ठेवताना कळवळून म्हणाले, "ताई, ते नाव तेवढं काढून टाका ना. माल चांगला आहे तुमचा. कशाला नुकसान करून घेता?"

"येऊ द्या परत, भाऊ," मी म्हणाले. "एकदा काढलं होतं. आता नाही निघणार."