भिंतीवरचे मोटरमन

आमचे मोटरमन गॅस बंद केला की त्याच्याकडे बोट रोखून मोठ्याने म्हणायचे, "योशी!" जपानीत म्हणजे ठीक. दाराला कुलूप घातलं, योशी. कचऱ्याच्या पिशव्या खाली नेल्या, ही जळणारी, ही प्लॅस्टिकची, योशी. त्यांच्या रिकाम्या घरात त्यांना असं बोलताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचं काही खरं नाही. पण त्यांनी उभा जन्म आगगाडी चालवली होती. इथला मोटरमन प्रत्येक सिग्नलकडे बोट दाखवतो आणि काय दिसलं ते मोठ्याने बोलतो. डोळा चुकला तर बोट सावरतं, बोट चुकलं तर जीभ. ते निवृत्त झाले, त्यांचं बोट काही निवृत्त झालं नाही.

तोंडावर मी त्यांना नाकाता-सान म्हणायचो. मनात, आणि पुण्याला बायकोशी बोलताना, मोटरमन.

सासूबाईंच्या आजारपणासाठी बायको, स्मिता, आमच्या लेकीला, ईराला घेऊन पुण्याला गेली. "वर्षभराचा तर प्रश्न आहे," असं म्हणाली, आणि फुनाबोरीच्या दोन खोल्यांत मी एकटा उरलो. तोयोसूच्या ऑफिसात पाच दिवस कसेबसे जायचे, पण शनिवार-रविवार घर खायला उठायचं. फोनवर ईराला "कशी आहेस?" विचारलं की ती "दायजोबु" म्हणून मोकळी. बरी आहे. पुढे काय बोलावं ते आम्हा दोघांनाही सुचायचं नाही. कॉलेजात असताना सह्याद्रीतल्या दोन-चार सुळक्यांवर दोर लावून चढलो होतो, त्या भांडवलावर कावासाकीच्या एका क्लाइंबिंग जिममध्ये नाव घातलं. दोराला दोन माणसं लागतात. बाकावर सत्तरीचे एक गृहस्थ तसेच जोडीदाराशिवाय बसले होते. काउंटरवरच्या बाईंनी आम्हाला एकमेकांना बांधून टाकलं. तेच आमचे मोटरमन.

त्यांची बायको चार वर्षांपूर्वी गेली होती. हे त्यांनी मला फार उशिरा, तेही ओनिगिरीचं, म्हणजे भाताच्या मुटक्याचं, वेष्टन सोडता सोडता सांगितलं. कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानातून ते नेहमी चार ओनिगिरी आणायचे, दोन मला, दोन स्वतःला. मी एकदा पैसे काढले तर म्हणाले, "दोनच घेतले की दुकानातली मुलगी माझ्याकडे दयेने बघते." त्यांच्या थट्टेत असं काहीतरी असायचं, आणि हसून झाल्यावर ते टोचायचं.

चढण्याआधी आम्ही एकमेकांना तपासायचो. त्यांनी माझ्या कमरेच्या गाठीवर बोट ठेवायचं, पट्टा ओढून पाहायचा, योशी. मग मी त्यांचं तसंच करायचं. त्यांची तपासणी म्हणजे कस्टमवाल्याची. एकदा माझ्या दोराचा एक पीळ दुसऱ्यावर चढला होता, तेवढ्यावरून त्यांनी सगळी गाठ सोडायला लावली. मी हळूहळू हे सगळं शिकलो, इतकं की एकदा व्हिडिओ कॉल चालू असताना शेगडीकडे बोट दाखवून योशी म्हणालो. स्मिता म्हणाली, "अरे, वेड लागलं का तुला? लवकर ये बाबा इकडे!"

पण एक गोष्ट मी शिकलो नाही. त्यांची गाठ मी कधी पाहिलीच नाही. बोट दाखवायचो, योशी म्हणायचो, आणि नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे. मोठ्या माणसाच्या कामात चूक शोधायची नसते, हे आपलं बाळकडू. वडिलांनी मारलेली खुंटी मी कधी हलवून पाहिली नाही, मग यांची गाठ काय तपासणार? शेवटीशेवटी ते विसरायला लागले होते, तेही मला दिसत होतं. बाकावर राहिलेला त्यांचा थर्मास मी गुपचूप माझ्या पिशवीत टाकायचो आणि त्यांनी शोधला की "मीच घेतला होता" म्हणायचो. ईराचं नाव ते पुन्हापुन्हा विचारायचे, मी दर वेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं सांगायचो. मला वाटायचं, मी त्यांचा मान राखतोय.

शरद ऋतूत त्यांनी मला मिझुगाकी डोंगराच्या भिंतीवर नेलं. सात टप्प्यांची सरळ उभी ग्रॅनाइटची भिंत, खाली तांबड्या-पिवळ्या झाडांचं रान. माझी पहिली मोठी भिंत. पुढे ते, मागे मी. तीन टप्पे झाले, तिथे झाडं उगवलेला एक रुंद कट्टा लागला. दोर सोडून आम्ही त्यावरून पलीकडे चालत गेलो आणि चौथ्या टप्प्याखाली पुन्हा दोर बांधायला लागलो. गाठ मारता मारता त्यांना बुटाची नाडी सुटलेली दिसली. ती बांधायला ते वाकले. उठून माझी गाठ तपासली, योशी. मीही बोट दाखवलं, दरीतल्या रंगांकडे पाहत योशी म्हणालो, आणि ते चढायला लागले.

वर पोचल्यावर त्यांनी हाक दिली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. मी वर गेलो. ते खिळ्याला पट्टा अडकवून उभे होते, आणि त्यांच्या कमरेला दोर नुसता ओवलेला होता. गाठ अर्धी. ती त्यांनी मला दाखवायला तशीच ठेवली होती. तीस मीटर ते जवळजवळ मोकळेच चढले होते.

"तुम्ही बोट दाखवलंत?"

"हो."

"पाहिलंत?"

मला खोटं बोलता आलं नाही. "नाही," म्हणालो. "तुम्ही मोठे आहात."

ते रागावले असते तर बरं झालं असतं.  ते शांतपणे म्हणाले, "दोराला वय कळत नाही." आणि थोड्या वेळाने, "याआधीही मी विसरलोय का?"

त्या अरुंद पायरीवर, पायाखाली शंभर मीटर पोकळी असताना, मी त्यांना थर्मासचं सांगितलं. ईराच्या नावाचं सांगितलं. सगळं सांगितलं. 

माथा राहिला. आम्ही दोराने उतरलो. प्रत्येक थांब्यावर त्यांनी शिंप्यापुढे उभं राहावं तसे दोन्ही हात वर धरले आणि मी त्यांचं बक्कल, गाठ, पट्टा एकेक ओढून पाहिलं.  

महिन्याभराने डॉक्टरांनी त्यांच्या विसरण्याला नाव दिलं. मुलगी त्यांना सेंदाईला आपल्याकडे घेऊन गेली. निरोप घेताना ते म्हणाले, "नवा जोडीदार शोधा. ज्याची चूक तोंडावर सांगता येईल असा." मी हो म्हणालो. त्यांचं विसरणं सर्वांत आधी मला कळलं होतं, आणि ते त्यांना सांगायचं काम मी एका भिंतीवर सोडलं होतं. हे मला आजही गिळता येत नाही.

जिम मी सोडून दिलं. स्मिताचं वर्ष अजून संपायचंय. रविवारी मी सेंदाईला फोन लावतो. मागच्या खेपेला त्यांनी विचारलं, "जोडीदार मिळाला?" मी म्हणालो, "नाही." सफरचंदांबद्दल, थंडीबद्दल बोलणं झालं. मग त्यांनी त्याच आवाजात विचारलं, "जोडीदार मिळाला?"

पुन्हा "नाही" म्हणणं किती सोपं होतं. मी म्हणालो, "नाकाता-सान, हे तुम्ही आत्ताच विचारलंत."



"सांगितलंत ते बरं झालं," ते म्हणाले. "इथे मला कोणी सांगत नाही. मुलगी माझा फार मान राखते."